कोहळ्याला विटाळ नसतो

अंबाजोगाईला मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हा हॉस्टेलचं पाणी संपलं. बोअर आटलं, टँकर येईनासा झाला आणि एका सकाळी वॉर्डनबाईंनी फळ्यावर लिहिलं, की पाऊस पडेपर्यंत मुलींनी आपापल्या घरी जावं. माझं घर वडवणीपासून आत, एका खेड्यात. तिथं टँकर आठवड्यातून एकदा यायचा. पाणी नाही म्हणून मला जिथं धाडलं, तिथं तर आणखी पाणी नव्हतं. रागातच मी एस.टी.तून उतरले आणि तो राग पुढचे चार महिने काही उतरला नाही.

आमचं घर बौद्धवस्तीतलं शेवटचं. मागं थोडी मोकळी जागा, तिथं पत्र्याच्या आडोशाची न्हाणी आणि तिच्या सांडपाण्याचा खड्डा. पलीकडं बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाला लागूनच गावच्या दूध सोसायटीची इमारत. दादा, म्हणजे माझे वडील, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. मायकडं एक म्हैस होती. म्हैस मायची, दूध मायचं आणि सोसायटीची सभासदही मायच.

सभासद होती, पण कशी? सोसायटीत दोन कॅन असायचे. मोठ्या कॅनात गावाचं दूध. कोपऱ्यात एक लहान, पोचे पडलेला कॅन, त्यात आमच्या वस्तीतल्या तीन घरांचं. मायनं मापाला हात लावायचा नाही, वरून धार धरायची. गावातले लोक सकाळी तिथूनच चहापुरतं दूध विकत न्यायचे, त्यांच्यात आमचं जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. दोन्ही कॅन एकाच टेम्पोत चढायचे आणि तालुक्याला एकाच टाकीत रिकामे व्हायचे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. लहानपणापासून मी हे बघत आले होते. पण हॉस्टेलात सगळ्या जातींच्या मुलींबरोबर एका पंगतीत जेवून आल्यावर ते बघवेना.

"कावून जातीस तू तिथं?" मी मायला विचारलं.

"म्हशीला विचार," ती म्हणाली. "सोसायटीबिगर तिला पेंड दुसरं कोण देतंय?"

मी आल्यावर आठ-दहा दिवसांनी खड्ड्याच्या काठावर चार कोंब दिसले. प्रत्येकाला दोन जाड, गुळगुळीत पानं. कुणी काही लावलेलं नव्हतं. दादा म्हणाले, काकडी. शेजारची चुलती म्हणाली, तांबडा भोपळा. मला दुधी वाटला. दोन कोंब उन्हानं करपले, दोन जगले. पुढची पानं आली ती तळहाताहून मोठी आणि खरखरीत, देठावर अशी लव की बोटांना खाज सुटायची. तांबड्या भोपळ्याच्या पानावर पांढरट ठिपके असतात, इथं एकही नव्हता. चुलती चुकली. मग फूल आलं, पिवळंधमक. दुधीचं फूल पांढरं असतं आणि दिवस कलताना उमलतं. म्हणजे मीही चुकले. आणि काकडीच्या फुलापेक्षा हे कितीतरी मोठं होतं.

"कडू असंल कायतरी," दादा म्हणाले. "उपटून टाक. गाव बोलायलंय."

गाव खरंच बोलत होतं. टँकरचं प्यायचं पाणी ही माणसं वेलाला घालतात, असं सोसायटीच्या ओट्यावर बसून कुणी म्हणालं होतं. आम्ही तिघं अर्ध्या बादलीत अंग धुवायचो, ते मळकं पाणी खड्ड्यात जायचं आणि ते वेल प्यायचा. त्याच्यावरसुद्धा ह्यांचा डोळा!

फळं धरली ती मुठीएवढी, पोपटी, वर वासराच्या कानासारखी लव. मायनं एकाची चकती कापून जिभेला लावली. कडू निघालं तर थुंकायची तयारी होती.

"कडू न्हाई," ती म्हणाली. "गोडबी न्हाई. पाण्यावानी लागतंय."

दुसरं एक फळ घेऊन मी वडवणीच्या बाजाराला गेले. तिथं एक म्हातारी बागवानीण बसायची. त्या दिवशी तिच्या पुढ्यात कांदे आणि सुकलेल्या मिरच्या, एवढंच. तिनं फळ हातात घेतलं, अंगठ्यानं लव चोळली आणि हसली.

"बेटी, कोहळा हाय हा. अजून महिना-दीड महिना थांब. लव झडंल अन् राख फासल्यावानी पांढरा होईल. ह्या साली कुठंच कोहळा न्हाई. जप त्याला."

घरी येऊन सांगितलं, तर भाकरी थापता थापता मायचा हात थांबला. आमच्या घरात कोहळा कधी आलाच नव्हता. गावात कोहळा लागतो तो नजर उतरायला, दाराला टांगायला, अवसेला फोडायला. आजोबांच्या काळात बौद्ध झाल्यापासून आम्ही ते सगळं सोडलेलं.

माय कुंपणाकडं बघत म्हणाली, "टेम्पोपुढं फोडतेत की दर अवसेला. झाडून कुठं टाकतेत ते?"

मी काठीनं खड्ड्याचा काठ उकरला. वाळलेली सालपटं निघाली, त्यांवर कुंकवाचे डाग. गावाची नजर उतरवलेली घाण काट्यांवरून आमच्या न्हाणीत यायची. मी वेलाला हात घातला. माझी इतकी आग झाली होती, की मुळासकट ओढून तो सोसायटीच्या दारात फेकणार होते. मायनं माझं मनगट धरलं.

"बियाला काय ठावं, कुणी फेकलं ते? राहू दे."

पाच कोहळे राहिले. बागवानीण म्हणाली तसे ते राख माखल्यासारखे पांढरे झाले.

त्याच सुमाराला सोसायटीला दूध थंड करायचं मोठं मशीन आलं. गावात दूध निम्म्यावर आलेलं आणि मशीन दुप्पट! त्याची पूजा ठरली, बीडहून साहेब यायचे होते आणि भटजींनी कोहळा सांगितला होता. कोहळा कुठंच मिळेना. आधी सोसायटीचा गडी आला, त्याला मायनं परत धाडलं. मग सोसायटीचा चेअरमन स्वतः आला. कुंपणाबाहेरच उभा राहिला.

"भारी माल पिकवलास गं," तो मायला म्हणाला. मायपेक्षा तो वयानं लहान होता. "एक दे परवाच्या पूजेला."

मी पुढं झाले. "आमचं दूध वेगळ्या कॅनात, अन् कोहळा चालतो का तुमाला?"

"शिकायलीस वाटतं," तो हसला. "कोहळ्याला विटाळ नसतो, पोरी. झाडाचं फळ ते. अन् बी तरी कुणाचं? आमच्याच पूजेचं. म्हणजे कोहळा आमचाच की."

उत्तर मायनं दिलं, तेही शांतपणे.

"देते. मी माझ्या हातानं आणून ठिवते पूजेत. अन् त्या दिशी माझं दूध मोठ्या कॅनात."

त्याचं हसू गेलं. "बघू," म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मागं गेले, तर चारच कोहळे. देठ विळ्यानं कापलेला, अजून ओला. दादा ओट्यावर खाली मान घालून बसले होते.

"मालकाचा निरोप आलता," ते म्हणाले. "दिला."

"कोण मालक? कुणाचा मालक?" मी ओरडले. वस्ती जागी झाली असेल, मला पर्वा नव्हती. "ती एवढं बोलली त्याला, अन् तुमी पाठीमागून नेऊन दिला?"

"तू जाशील अंबाजोगाईला," दादा म्हणाले. "मला हितंच ऱ्हायचंय. कामावरचा मुकादम त्याचा भाचा हाय."

मी त्यांना त्या दिवशी जे बोलले ते बापाला बोलायचं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. माय चरवी घेऊन म्हशीखाली बसली.

पूजेच्या दिवशी माय नेहमीच्या वेळी दूध घेऊन निघाली. मी तिच्या मागं. मांडव, माइक, हारतुरे. चकचकीत मशीनसमोर पाटावर आमचा कोहळा, हळदकुंकू लावलेला. गावातल्या बाया रांगेनं मशीनच्या तोंडात दूध ओतत होत्या आणि फोटो निघत होते. लहान कॅन कुठं दिसत नव्हता. पाहुण्यांना दिसू नये म्हणून तो इमारतीमागं ठेवला होता.

दूध मोजणारा क्लार्क हळूच म्हणाला, "तू मागं जा, मागं."

माय मशीनसमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "आज लहान कॅन दिसंना. आमच्या वस्तीचं दूध कुठं वतायचं?"

माइकजवळच्या माणसाचंही बोलणं थांबलं. बीडच्या साहेबांना काही ठाऊक नव्हतं. ते खुर्चीतून म्हणाले, "अहो ताई, इथंच ओता की. सगळ्यांचं इथंच."

मायनं पदर खोचला आणि चरवी पालथी केली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. चेअरमननंही वाजवल्या, माझ्याकडं बघत. दूध काही त्यांनी फेकलं नाही. टाकीतल्या सगळ्या दुधाबरोबर तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी क्लार्कनं मायच्या दुधात भेसळ मोजायची काचनळी सोडली आणि मान हलवली. "पाणी हाय."

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. ज्या घरात प्यायला पाणी नव्हतं, त्या घरातली बाई दुधात पाणी घालते, असं ते सगळ्यांसमोर सांगत होते. मी एक बाटली भरून वडवणीच्या दूध संकलन केंद्रात नेली. तिथल्या माणसानं मोजलं, दूध चोख निघालं, आणि त्यानं तसं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी चेअरमनच्या घरी ओसरीवर नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं वाचलासुद्धा नाही.

"तालुक्याची नळी वेगळी, आमची वेगळी," एवढंच म्हणाला आणि कागदावर चहाचा कप ठेवला.

लहान कॅन परत आला नाही, हे खरं. मशीनला तोंड एकच होतं. वस्तीतल्या बाकीच्या दोन घरांचं दूध तेव्हापासून त्याच टाकीत जायला लागलं, सगळ्यात शेवटी. मायचं मात्र कधीच घेतलं नाही. ती पहिल्या एस.टी.नं वडवणीला जाऊन स्टँडजवळच्या एका चहाच्या हॉटेलात दूध घालायला लागली. पेंड विकत, एस.टी.चं तिकीट विकत. ज्यानं तिला खोटं पाडलं तो पुढं कितीतरी वर्षं चेअरमन राहिला. सहकाराच्या सभेत भाषणंही करायचा.

राहिलेले चार कोहळे मायनं एकाच दिवशी चिरले. मिरचीची फोडणी देऊन मोठ्या पातेल्यात भाजी केली आणि वस्तीतल्या घरोघरी वाटीनं दिली. महिन्याभरात कुणी ताजी भाजी बघितली नव्हती. संध्याकाळी दादा कामावरून आले, हातपाय न धुताच ताटावर बसले. मी त्यांना वाढलं नाही, पातेल्याजवळ नुसती बसून राहिले. मायनं माझ्या हातातली पळी घेतली आणि त्यांना वाढलं. ते खाली बघून जेवले.

"आजून वाढू?" मायनं विचारलं.

"वाढ," ते म्हणाले.

मी उठून बाहेर गेले.