सैल पट्ट्यावरची गाणी

निवांतराव गेल्यावर त्यांच्या ताईंनी जवळच्या चार माणसांना घरी बोलावलं. तिथं कोणीतरी मेकॅनिकला म्हणालं, "तुम्ही दोन शब्द बोला. तुमची तर जुनी ओळख." मेकॅनिक उठला, खुर्चीच्या पाठीला धरून जरा वेळ उभा राहिला आणि परत खाली बसला. ओळख म्हणजे नेमकं काय, हेच त्याला सुचेना. त्या माणसानं लग्न का केलं नाही, एकटा असताना तो काय करायचा, चिडला की कसा दिसायचा, यातलं त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्याला माहीत होता तो त्यांचा टेपरेकॉर्डर. तो समोरच टेबलावर होता, झाकण लावलेला. मेकॅनिकनं नजर खाली घातली ती उठेपर्यंत वर केली नाही.

मेकॅनिकचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. उंच गिऱ्हाइकानं मान वाकवूनच आत यायचं. टेबलावर पोट उघडलेले रेडिओ, पंखे, मिक्सर, आणि त्यातून वाट काढत मेकॅनिकचे दोन हात. हातांत कसब होतं. ते आपल्याला आहे हे त्याला जरा जास्तच माहीत होतं.

निवांतराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. रस्त्यापलीकडच्या रेस्टॉरंटात ते शनिवारी संध्याकाळी गिटार वाजवत. ते ऐकून वेटरांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आधी पियानोवाल्याबरोबर लोकांच्या फर्माइशी व्हायच्या. मग पियानोवाला सिगारेट ओढायला बाहेर पडला की निवांतराव खुर्ची थोडी मागे सरकवत आणि एकटेच आपल्या आवडीची गाणी म्हणत. दूरच्या मुलखातली, लोकगीतांच्या वळणाची, कंट्री रॉक म्हणतात तसली. एकात ट्रकवाला घरी निघालाय, पण त्याला पोचायची घाई नाही. एकात एक म्हातारा ओट्यावर बसून मोडकी खुर्ची दुरुस्त करतो आणि झाल्यावर तिच्यातच बसतो. एकात नुसती नदी आहे, दुसरं काही घडतच नाही.

ही सगळी गाणी एकाच कॅसेटवरची. एका ऑर्केस्ट्रातला ड्रमर गाव सोडून जाताना ती त्यांना देऊन गेला होता. टेपरेकॉर्डर त्यांनी जुना विकत घेतलेला. त्यावर ऐकून ऐकून ती त्यांनी बसवली, गाणाऱ्याच्या भरड, खालच्या आवाजासकट. कॅसेटशी सूर जुळावा म्हणून गिटारच्या तारासुद्धा ते खाली उतरवून ठेवत. त्यामुळे पियानोवाल्याचा दर शनिवारी जीव जायचा. "तुमची गिटार म्हणजे घसरलेली पॅन्ट आहे हो," तो म्हणायचा, "ओढा की जरा वर!" निवांतराव हसून तेवढ्यापुरत्या तारा वर ओढत आणि तो बाहेर गेला की पुन्हा उतरवत.

मेकॅनिक दर शनिवारी बायकोला घेऊन तिथं जेवायला जायचा. त्याला गाण्यातलं काही कळत नसे. पण त्या गाण्यांना सुरुवात झाली की दिवसभर टेबलावर वाकलेले त्याचे खांदे आपोआप खाली यायचे. बायको म्हणायची, "यांचं एक गाणं संपेपर्यंत माणूस जेवून, हात धुऊन, झोप काढून येईल." तो म्हणायचा, "मग काढ ना झोप. मी आहे." आणि ऐकत राहायचा.

एके दिवशी निवांतराव कॅसेटसकट टेपरेकॉर्डर काखेत घेऊन दुकानात आले. मान वाकवून.

"झाकण बसत नाही हो याचं. अंगठ्यानं दाबून धरावं लागतं."

"बघतो."

"बाकी काही तक्रार नाही," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे."

झाकणाची खिटी बदलणं हे काही मेकॅनिकला आव्हान वाटलं नाही. त्यानं मागची बाजूही उघडली. आत मोटर सुस्तावलेली आणि तिच्यावरचा रबरी पट्टा ताणून ताणून सैल झालेला, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा. असल्या मशीनवर सगळंच संथ आणि खालच्या सुरात ऐकू येणार, हे त्यानं तेव्हाच ओळखलं. त्याला आनंद झाला. फुकटात करून देऊ, चकित होतील. त्यानं नवा पट्टा घातला, मोटर साफ केली, स्वतःजवळची चाचणीची कॅसेट लावून वेग बरोबर जुळवला. जुना पट्टा कचऱ्यात गेला.

निवांतराव न्यायला आले तेव्हा दुकानात मिक्सरवाल्या एक बाई होत्या आणि नेमका पियानोवालाही होता, आपला रेडिओ घेऊन. मेकॅनिकला श्रोते हवेच होते. "ऐका आता!" म्हणून त्यानं बटण दाबलं.

गिटार टणटण वाजू लागली. ट्रकवाला निघाला तो असा, की घरी गॅसवर दूध ठेवून आला असावा.

"ही कोणती कॅसेट?" निवांतरावांनी विचारलं.

"तुमचीच की."

"मग गातोय कोण?"

"तुमचाच गाणारा!"

निवांतराव वाकून ऐकू लागले. "हा तर पोरगा आहे," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, पन्नाशीचा असेल. सगळं बघून झालेला."

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मेकॅनिकच्या तोंडाला कुठला पट्टा असणार! "अहो निवांतराव," तो टेबलावर थाप मारून म्हणाला, "पट्टा सैल होता! म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पंक्चर झालेली गाणी वाजवत होता!"

बाई पदर तोंडाशी नेऊन हसल्या. पियानोवाल्यानं तर मांडीच बडवली. "आणि मी घसा फोडून सांगतोय, वर ओढा, वर ओढा!"

निवांतरावही हसले. त्यांचे कान लाल झाले होते. मग मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे ज्यांना ही गाणी आधीपासून माहीत असतील, ते तिथं बसून..." टेपरेकॉर्डर काखेत मारून गेले. वायर मागे जमिनीवर घासत होती, तीही त्यांनी उचलली नाही.

मेकॅनिकनं घरी जाऊन हा किस्सा रंगवून सांगितला. बायकोलाही हसू आलं. मग ती म्हणाली, "ते हसले का?"

"हसले की."

"तुम्ही सगळे हसलात म्हणून हसले असतील."

त्यानं ताट अर्धंच ठेवून हात धुतला.

पुढच्या शनिवारी निवांतरावांनी गिटार वर ओढून लावली होती. पियानोवाला सिगारेट ओढायला गेलाच नाही, उलट साथीला बसला. तीच गाणी, आता बरोबर सुरात, बरोबर वेगात. लोकांनी टेबलांवर चमच्यांनी ठेका धरला, एका वेटरनं लांबून अंगठा दाखवला. निवांतराव मात्र दुसऱ्याच्या सायकलवर बसलेल्या माणसासारखे वाजवत होते, नजर सारखी स्वतःच्या बोटांवर. उंच जागी आवाज फाटला तिथं त्यांनी शब्दच गिळले. टाळ्या पडल्या, पूर्वी कधी पडल्या नव्हत्या इतक्या. त्यांनी मान लववली. मेकॅनिकच्या टेबलाकडे पाहिलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी फक्त फर्माइशी झाल्या. आवडीची गाणी झालीच नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. एका वेटरनं विचारलं, तर म्हणाले, "ती मला येत नाहीत रे. माझा गैरसमज होता."

हे ऐकल्यावर मेकॅनिकनं दुकानातला कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला. पट्टा कसला सापडतोय! मग त्याला आठवलं, मोटरच्या मागे वेग कमीजास्त करायचा बारका स्क्रू असतो. त्यानं सगळ्यांत बारीक स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला आणि निवांतरावांचं घर गाठलं. जिना चढताना तो मनात घोकत होता, "माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं." ताईंनी दार उघडलं, निवांतराव पलंगावरून उठून उभे राहिले, आणि मेकॅनिकच्या तोंडून बाहेर पडलं, "मोटरला एक स्क्रू असतो."

गिटार कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. टेपरेकॉर्डरवर ताईंनी शिवलेलं फुलाफुलांचं आवरण. ते काढून मेकॅनिकनं कॅसेट लावली आणि स्क्रू फिरवायला घेतला. ट्रकवाल्याची घाई कमी झाली. पोरगा वयात आला, मग पोक्त झाला.

"अजून?"

"थोडं," निवांतराव डोळे मिटून म्हणाले.

"आता?"

"असेल."

"असेल काय? तुम्हीच सांगायचं. मला कसं कळणार, किती हळू होतं ते?"

"मलाही नाही कळत आता," निवांतराव म्हणाले. "आधी ते तसंच होतं. आता ते हळू केल्यासारखं वाटतं."

मेकॅनिकनं पुन्हा स्क्रू फिरवला. इकडे, तिकडे, परत इकडे. कसबी हात, पण टोक खाचेतून सारखं निसटत होतं. निवांतरावांनी डोळे उघडले. आधी त्या हाताकडे पाहिलं, मग मेकॅनिकच्या चेहऱ्याकडे.

"बस!" ते घाईनं म्हणाले. "हेच. अगदी हेच. कमाल आहे बुवा तुमची."

ते खोटं बोलतायत हे मेकॅनिकला कळलं. आपल्याला सोडवण्यासाठी बोलतायत हेही कळलं. आणि तरी त्याला सुटल्यासारखं वाटलं, याचीच त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटायची. ताईंनी चहा दिला. तो त्यानं तोंड भाजेल इतका गरम प्यायला.

गिटार कोपऱ्यातून पुन्हा निघाली की नाही, त्यानं कधी विचारलं नाही. शनिवारी तो बायकोला काहीतरी निमित्त सांगायचा आणि घरीच बसायचा. निवांतराव दुकानासमोरून जाताना दिसले, की टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकायचा. ते जरा थांबत, आणि पुढे जात. म्हणून त्या दिवशी चहा पिऊन निघताना त्यांच्या जिन्याच्या तोंडाशी जे बोलणं झालं, तेच शेवटचं. माफी मागायची राहिलीच होती. पण मेकॅनिक दोन पायऱ्या उतरला, वळला, आणि त्यानं विचारलं, "झाकण नीट बसतं ना?"

"बसतं की," निवांतराव म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर आणला होता."