परभणी ते चारठाणा, तोंडी निरोपांसह

मनाच्या आजारावर निसर्गात चालणे हा रामबाण उपाय आहे, असे जे सांगतात त्यांच्या दारात बहुधा टांगा उभा असतो. आमच्या डॉक्टरांच्या दारात दोन होते. माझ्या बहिणीला पाहून झाल्यावर ते त्यातल्या एकात बसले आणि बसल्या बसल्याच म्हणाले, "औषधाची गरज नाही. झाडे, पक्षी, मोकळी हवा. रोज चालवा. मन आपोआप उघडेल." किती चालवायचे, किती दिवस, आणि गुण आला हे कशावरून ओळखायचे, असे मी विचारले. तुम्ही प्रश्न फार विचारता, असे म्हणून त्यांनी टांगा हाकायला सांगितले.

माझी धाकटी बहीण सुमन परभणीच्या मुलींच्या शाळेत शिकवते. गेल्या पावसाळ्यात आई पटकीने गेली तेव्हा ती वर्गात मोठ्याने धडा वाचत होती. घरून कुणीतरी शाळेत चिठ्ठी पाठवली. सुमनने ती वाचली, तिची घडी घातली, आणि तेव्हापासून तिचा आवाज बंद झाला. मी हैदराबादेत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त आणि थुंकी तपासते. रजा घेऊन आले, तिचा घसा पाहिला. लाली नाही, गाठ नाही, ताप नाही. काचेखाली काही सापडले असते तर मला बरे वाटले असते.

शाळेच्या मुख्य उस्तानीबाईंनी सबुरी दाखवली, पण त्यांनाही वरून विचारणा होतेच. संक्रांतीनंतर शाळेत या, पुस्तकाचे एक पान वर्गापुढे वाचून दाखवा, नाहीतर जागा दुसरीला जाईल, असे त्यांनी कळवले. जागा गेली तर काय होणार हे आमच्या काकांनी आधीच ठरवून ठेवले होते. सेलूचा एक बिजवर त्यांच्या पाहण्यात होता. मुलगी बोलत नाही याची त्याला अडचण नव्हती. नसणारच. मुकी बायको मिळते म्हटल्यावर अर्धा जिल्हा रांगेत उभा राहील.

तेव्हा आम्ही चालायला निघालो. चारठाण्याला आमची मावशी राहते म्हणून दिशा ठरली; निसर्गाचा त्यात काही हात नाही. दोघी मुलींनी एकट्या जायचे नाही ही काकांची अट, म्हणून अंथरूण-पांघरूण ठेवायला चाँदभाईंची बैलगाडी घेतली. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर गाडीचे भाडे निजामाच्या हाली रुपयांत की इंग्रजांच्या कलदार रुपयांत हे निघण्याआधी बोलून घ्यावे. जिंतूरच्या सडकेने मोटारही जाते. लढाईमुळे पेट्रोल नाही, म्हणून ती सध्या कोळशाच्या गॅसवर चालते आणि चढ आला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावते. पैसे देऊन चालायचे असेल तर तीही सोय आहे.

पुण्याकडच्या मासिकांत निसर्गाच्या कुशीचे जे वर्णन येते, ते वाचून इकडे कुणी येऊ नये. इकडे कुशी नाही. काळी जमीन, तिला पडलेल्या भेगा, दोन्ही अंगाला ज्वारी आणि कापूस, मध्ये मुरमाची सडक. बाभळीची सावली इतकी विरळ की तिच्यात उभे राहिले तरी ऊन पुरेपूर लागते. पक्षी आहेत, पण ते ज्वारीवर येतात आणि माळ्यावर उभी राहिलेली माणसे गोफणीने त्यांना हुसकावत असतात. माझ्या मनाला त्या सगळ्याने काही झाले नाही. सुमनच्या चेहऱ्यावरही काही दिसले नाही. ती माझ्या मागे दोन पावले चालत होती, शाळेतून घरी येते तशी, मान खाली घालून.

चाँदभाई मात्र बेचैन होते. गाडी रिकामी चालली आहे आणि भाडे देणाऱ्या बायका तिच्या मागे पायी येत आहेत, हे त्यांच्या धंद्याला लांछन वाटत होते. थोड्या थोड्या वेळाने ते गाडी थांबवून आम्हाला बसायला सांगत. शेवटी म्हणाले, "बाईजी, बसा आता. बैल हासायलेत."

वाटेतल्या लोकांनाही आमचा हेतू कळेना. डोक्यावर ओझे नाही, काखेत पोर नाही, हातात वही आणि मनगटाला घड्याळ. एका वस्तीवर बायकांनी पोरांना घरात ओढून कड्या लावल्या. देवी टोचणारी बाई आली असे त्यांना वाटले. दुसरीकडे एक म्हातारा पारावरून उठून मुद्दाम सडकेवर आला आणि कुठे निघालात म्हणून विचारू लागला. चालायला, असे मी खरे तेच सांगितले.

"चालायलाव ते दिसायलंय," तो म्हणाला. "जायलाव कुठं?"

चारठाण्याला, म्हटल्यावर त्याचे समाधान झाले. मनाच्या शांतीसाठी, असे मी म्हटले असते तर त्याने पोलीस पाटलाला बोलावले असते, आणि माझ्या मते ते बरोबरच झाले असते.

झरीला सखूबाईंच्या ओसरीवर मुक्काम केला. त्यांचा कापूस चाँदभाईच परभणीच्या जिनात पोचवतात, ती ओळख. गाव मोठे आहे, राहण्याची अडचण पडत नाही. भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. चटणी बेताने घ्यावी. पाण्याबद्दल मात्र सांगायलाच हवे. या भागात पायऱ्यांच्या बारवा आहेत, लोक पाण्यात उतरून घागरी भरतात आणि त्यातूनच नारू होतो. चौपदरी कापडातून गाळल्याशिवाय थेंबही पिऊ नये. निसर्गाच्या सान्निध्याची शिफारस करणारे या जिवाबद्दल काही लिहीत नाहीत. तोही निसर्गच आहे. तो पायातून हातभर लांब बाहेर येतो.

सकाळी निघताना सखूबाईंनी सुमनचा हात धरला. माझा धरला नाही. माझा हात लोक सहसा धरत नाहीत. आमची वाट बोरीवरून जाणार होती आणि बोरीला त्यांची कोंडा नावाची लेक दिली होती. इकडे रीतच अशी आहे की पुढच्या गावाला जाणारा माणूस मागच्या गावाचा निरोप नेतो. त्याला कुणी विनंती करत नाही, तो नाही म्हणत नाही. पोस्टकार्ड परवडत नाही म्हणून नव्हे. निरोप आणणाऱ्याला चार गोष्टी जास्त विचारता येतात, कार्डाला येत नाहीत. सखूबाईंनी सांगितले ते असे: म्हैस व्याली, पारडी झाली. माझा गुडघा आता बरा हाय. संक्रांतीला तुझा भाऊ तुला न्यायला येतो, सासूला आधीच सांगून ठेव. सुमनने मान हलवली. ही पोरगी बोलत नाही, हे रात्रीपासून त्यांच्या ध्यानात आले नव्हते. ती ऐकते, एवढेच त्यांना दिसले होते.

मी तो निरोप लिहून घेतला. निरोप नेणारी बोलत नाही, आणि माझा माझ्या स्मरणावर भरवसा नाही. प्रयोगशाळेत न लिहिलेली गोष्ट घडलेली नसते. वहीच्या पानाच्या कोपऱ्यावर बारवेच्या पाण्याविषयी काही टिपले होते, तो तुकडा फाडून ठेवून घेतला आणि उरलेल्या पानावर स्वच्छ बाळबोध अक्षरात निरोप उतरवला.

बोरीला पोचलो तेव्हा कोंडा अंगणात तूर पाखडत होती. बारीक अंगाची, सुमनच्याच वयाची. तिची सासू भिंतीला टेकून वाती वळत होती. आम्ही झरीहून आलो आहोत, तुमच्या आईकडून, इतके मी म्हटले आणि कागद पुढे केला.

कोंडाने कागदाकडे पाहिले. मग त्याच्या फाटलेल्या कोपऱ्याकडे. सूप तिच्या हातातून पडले आणि तिने हंबरडा फोडला.

कोपरा फाडलेले कार्ड म्हणजे मयताची खबर. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण मला ते कार्डाबद्दल ठाऊक होते, माझ्या वहीच्या पानाबद्दल नव्हते. शिकलेल्या माणसाची अक्कल अशी कप्प्याकप्प्यांत असते.

शेजारच्या बायका धावत आल्या. एकीने कोंडाला धरले, दुसरीने तिच्या नवऱ्याला बोलवायला शेतात कुणाला तरी पिटाळले. सासू उठून कपाळाला हात लावून म्हणत होती, आत्ता दिवाळीला तर धडधाकट होती. मी सांगत होते की असे काही नाही, कृपा करून कागद वाचून पाहा. वाचणार कोण? गावात वाचता येणारा पटवारी, तो जिंतूरला गेलेला. माझा आवाज सूक्ष्मदर्शकाजवळ बसून बोलण्याचा आहे. त्या अंगणात तो माझ्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नव्हता.

सुमनने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. तिने तो कागद चुरगाळून भिरकावला, बायकांना कोपराने बाजूला सारत कोंडासमोर गेली आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

"जित्ती हाय," ती ओरडली. आवाज फाटका होता, गंज चढलेल्या कडीसारखा. "तुझी माय जित्ती हाय. ऐकायलीस का? म्हैस व्याली. म्हैस!"

मग सुमनने राहिलेला निरोप सांगितला, गुडघा, भाऊ, संक्रांत, एकही शब्द न गाळता, सखूबाईंच्याच बोलीत. सासूने तो सगळा ऐकून घेतला आणि माझ्याकडे वळली.

"म्हशीचा कागद धाडतेत का कुणी, बाई?"

बायका हसू लागल्या, कोंडाही रडता रडता हसली. आणि सुमन, जी आई गेल्यापासून रडलीही नव्हती, ती तिथेच सांडलेल्या तुरीवर बसली आणि रडू लागली. कोंडाने तिला जवळ घेतले. का रडतेस, असे तिला कुणी विचारले नाही. मी बाहेर जाऊन बैलांपाशी उभी राहिले. चाँदभाईंनी मला बिडी ओढता का असे विचारले नाही, पण त्यांच्या मनात आले असावे.

बोरीहून पुढे सुमन गाडीच्या पुढे चालू लागली. कोंडाने तिच्याजवळ आपल्या जिंतूरच्या मावशीसाठी निरोप दिला होता, शेजारणीने चारठाण्याच्या नणंदेसाठी. ते विसरू नयेत म्हणून ती चालता चालता पुटपुटत होती. त्यात शोभेचे काही नव्हते. एक निरोप असा होता: "तुझी जाऊ लय माजलीय, पण तू तोंडाला लागू नको." सुमनने तो जिंतुरापर्यंत निरनिराळ्या ठसक्यांत म्हणून पाहिला. चाँदभाईंनी त्यातला एक ठसका पसंत केला. रस्त्याकडेला हुरडा भाजत होते, तिथे आम्हाला बोलावले. सुमनने नको म्हणायच्या ऐवजी आणखी मागून घेतला.

चारठाण्याची देवळे पाहण्यासारखी आहेत असे सांगतात. पाहिली. कोरीव खांब आहेत, त्यांना लोकांनी जनावरे बांधली आहेत, आणि जनावरे निवांत होती. ज्यांना मनःशांती हवी त्यांनी त्यांच्याकडून शिकावी. सुमनने देवळांकडे फारसे पाहिले नाही. गावात शिरल्यापासून ती त्या नणंदेचे घर विचारत होती. मावशीच्या घरी आम्ही त्यानंतर गेलो.

परतताना कोळशाची मोटार घेतली आणि चढावर रीतसर ढकलली.

डॉक्टर खूश झाले. निसर्गाची शक्ती, असे म्हणाले. मी त्यांना म्हैस, कागद आणि कोंडाबद्दल क्रमाने सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि पुन्हा निसर्गाची शक्ती म्हणाले. आता ते दुसऱ्या रोग्यांना आमचा दाखला देतात असे ऐकते. त्या रोग्यांनी निदान कुणाचे तरी काम घेऊन निघावे, एवढे मला सुचवायचे आहे. रिकामे चालून बैलांचीच करमणूक होते.

संक्रांतीनंतर सुमन शाळेत गेली. उस्तानीबाईंनी तिच्या हातात पुस्तक दिले. हातात कागद आल्याबरोबर तिचा घसा पुन्हा बंद झाला. मी दाराबाहेर उभी होते, मला ती शांतता ऐकू आली, सेलूच्या बिजवराचा चेहराही दिसला. मग पुस्तक मिटल्याचा आवाज झाला, आणि सुमनने ते पान पुस्तकाशिवाय सांगितले. उस्तानीबाई म्हणाल्या, वाचायचे ठरले होते. मग म्हणाल्या, पण मुलींना ऐकू आले. जागा राहिली. काकांनी सेलूला नकार कळवला. तो कार्डावर कळवला, कोपरा न फाडता.

वाचणे अजून जमत नाही. सुमन धडे आदल्या दिवशी पाठ करते आणि पुस्तक टेबलावर पालथे ठेवून शिकवते. तिचा आवाज पूर्वीसारखा झालेला नाही, जरा खरखरीत राहिला आहे. याला बरे होणे म्हणायचे का, ते मला सांगता येणार नाही.

माझी रजा संपली. स्टेशनवर सुमनने मला डबा दिला आणि बजावले, "पोचलीस की लिहू नको. कुणाच्या तरी तोंडी सांग."

म्हणून मी आता अधूनमधून संध्याकाळी हैदराबादच्या स्टेशनवर जाते. परभणीकडे जाणारे कुटुंब शोधते, त्यातली जरा प्रेमळ दिसणारी बाई निवडते आणि मुलींच्या शाळेतल्या सुमनला सांगा, मी बरी आहे, जेवते वेळेवर, असे तिला म्हणते. हे अतिशय अशास्त्रीय आहे. बायका दर वेळी मला लिहून द्यायला सांगतात. मी नाही म्हणते, आणि गाडी हलेपर्यंत त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेते.