टिकलीचं दूध

प्रसूतीच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया म्हणून काढल्यावर हातांना थोडा माज येतोच. तिच्याही हातांना आला होता, आणि ती तो लपवत नसे. नव्या डॉक्टरणी हळूच विचारायच्या, "आयाबाई, जरा बघता का?" बाळंतिणी मात्र पाठीमागे तिला हवालदारीण म्हणायच्या. दूध साकळून एखादीची छाती दगडासारखी झाली की ही गरम पाण्यात पिळलेलं फडकं घेऊन हजर. "रड हवं तेवढं, पण पाज," म्हणत बाळाचं तोंड लावून द्यायची. ती पोर किंचाळायची, हिच्या नावानं बोटं मोडायची, आणि दोन दिवसांनी हिलाच हाक मारून झोपलेलं बाळ दाखवायची.

निवृत्त झाल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. भाऊ सुतार, एकटाच. खाली त्याचं दुकान, वर दोन खोल्या. पहिल्या महिन्यात तिनं भांडी इतकी घासली की भाऊ म्हणाला, "ताई, त्यांना तरी आता रिटायर होऊ दे."

दुकानात एक कुत्री होती. कुठून तरी आली आणि राहिली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. फळ्यांच्या थप्पीमागे, भुशावर जुनं गोणपाट टाकलेल्या कोपऱ्यात ती व्याली. सात पिल्लं झाली.

"हे गोणपाट रोज बदलत जा," ताई म्हणाली. "ओलं झालंय. भुसा चिकटतोय तिच्या आचळांना."

"ती काय तुझ्या वॉर्डातली बाळंतीण आहे?" भाऊ रंधा मारता मारता हसला. "जनावर आहे, आपलं आपण बघून घेईल."

तिला ते पटलं नाही. पण गुडघे कुरकुरत होते, जिना उभा होता. तिनं विषय सोडून दिला.

नवव्या दिवशी सकाळी भावानंच तिला खाली बोलावलं. टिकलीनं आदल्या रात्रीपासून खाण्याला तोंड लावलं नव्हतं. पिल्लं जवळ सरकली की ती उठून उभी राहायची. सगळ्यात लहानग्यावर तर तिनं दात काढले. पिल्लं सारखी कुईकुई करत होती, पोटं खपाटीला गेलेली. ताई गुडघ्यांवर बसली. मागच्या पायाजवळचं डावीकडचं आचळ लालबुंद होऊन सुजलं होतं. आत टणक गाठ, वरून हात लावला तर चटका बसेल इतकं गरम. भोवती पिल्लांच्या नखांचे बारीक ओरखडे. तिनं हलकेच दाबलं तर पिवळट, घट्ट दूध आलं, आणि त्यात रक्ताचा एक दोरा.

"मी टेम्पोवाल्याला हाक मारतो," भाऊ म्हणाला. "डॉक्टरकडे नेऊ."

"डॉक्टर काय वेगळं सांगणार? दूध साकळलंय. अशा हजार पाहिल्यात मी."

"ताई, ही कुत्री आहे."

"दूध ते दूध."

भाऊ पुन्हा रंध्याकडे वळला. ह्या विषयात तो तिच्यापुढे फार ताणत नसे.

वॉर्डात एखाद्या बाईला असा ताप चढला की ताई स्वतः धावत डॉक्टरांना बोलवायची. त्या सकाळी टिकलीचे कान तापलेले तिच्या हाताला कळले होते. तरी ती थांबली. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणाला तरी तिचे हात हवे होते, आणि ते तिला दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचे नव्हते. हे तिनं पुढे स्वतःच सांगितलं.

दिवसभर तिनं फडकं गरम करून शेकलं. मग टिकलीचं डोकं मांडीखाली दाबून धरलं आणि पिल्लांना एकेक करून त्याच आचळाला लावलं. टिकली केकाटत होती. "रड," ताई म्हणत होती, "रड, पण पाज." भाऊ करवत खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी टिकली उठलीच नाही. आचळ आता लाल नव्हतं, काळंनिळं पडलं होतं. ताईनं हात लावला. ते गार होतं. गोणपाटावर दोन पिल्लं मरून पडली होती.

भावानं टिकलीला पोत्यात गुंडाळून उचललं. उरलेली पाच पिल्लं ताईनं पदराखाली घेतली.

जनावरांची डॉक्टरीण तिशीची, कमी बोलणारी. थर्मामीटर पाहून तिनं एकशे पाच म्हटलं आणि सलाईन लावायला घेतलं.

"कधीपासून आहे हे?"

भाऊ पोत्याची घडी घालू लागला. तो तिचं नाव घेणार नाही, हे ताईला कळलं.

"काल सकाळपासून," ती म्हणाली. "हा आणू या म्हणत होता. मीच नको म्हटलं. मी शेकलं, आणि पिल्लांना लावत राहिले."

डॉक्टरीण रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शेकलंत ते चूक नव्हतं. नुसतं दूध साठून कडक झालं असतं, तर पाजून मोकळंही झालं असतं. पण दुधात रक्त, आईला ताप, खाणं बंद, हे दिसल्यावर एक तासही थांबायचं नसतं. जंतू आत गेलेत. तिथलं मांस मेलंय, ते कापून काढावं लागेल. पिल्लांना आता तिला लावू नका, बाटलीनं पाजा."

ताईनं एकच प्रश्न विचारला. "त्या दोघांना मी पाजलं म्हणून…"

"सांगता येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आदल्या दिवशीच अर्धपोटी होती ती."

तिसरं पिल्लू संध्याकाळी गेलं. चार वाचली, आणि आचळ कापून काढल्यावर टिकलीही. पुढचे तीन आठवडे ताई दर दोन-तीन तासांनी जिना उतरायची. गुडघ्यांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. भुसा झाडून टाकला, धुतलेल्या चादरी अंथरल्या, सकाळ-संध्याकाळ बदलल्या. पिल्लांची नखं कापली. भावाच्या खिळे तोलायच्या काट्यावर रोज प्रत्येकाचं वजन केलं. टिकलीची उरलेली आचळं दिवसातून दोनदा तपासायची होती, पण ते भावाला करावं लागलं. ताई जवळ आली की टिकली भिंतीला चिकटायची आणि वरचा ओठ थरथरायचा.

एका दुपारी बाटली धुता धुता ताई म्हणाली, "सतरा नंबरच्या खाटेवर एक पोर होती. तीही अशीच भिंतीकडे सरकायची मला बघून. मी तिला नाटकी म्हटलं होतं. मग ताप वाढला म्हणून तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. पुढे काय झालं, मी कधी विचारलंच नाही."

"आता आठवून काय उपयोग?" भाऊ म्हणाला.

"उपयोगासाठी कोण आठवतंय?"

पिल्लं डोळे उघडून धावायला लागली, चांगल्या घरी गेली. टिकलीचं ऑपरेशन करून घेतलं, पुन्हा व्यायचा प्रश्न ठेवला नाही. ताई आठवड्यातून तीन सकाळी त्या डॉक्टरणीकडे जाऊ लागली. फरशी पुसायची, जनावरं धरायची. कुणी व्यायलेली कुत्री घेऊन आलं की ती त्यांना बाकावर बसवून सगळं सांगायची: कुठे दाबून बघायचं, अंथरूण किती वेळा बदलायचं, काय दिसलं की थांबायचं नाही. सुरुवात मात्र नेहमी एकच असायची. "माझ्यामुळे एक दिवस उशीर झाला होता, म्हणून सांगते." काही जण अवघडून मोबाइलमध्ये बघायला लागायचे. तरी ती बोलत राहायची.

टिकली आणखी चार वर्षं जगली. शेवटच्या वर्षात ती ताईच्या हातचं खाऊ लागली, कधी तिच्या पायाशी झोपूही लागली. पण पोटाला हात तिनं कधीच लावू दिला नाही, आणि ताईनंही तो पुढे केला नाही.