बरं होण्याची तारीख

गल्लीतल्या शिंपीणबाईंचं खरं नाव रेशनकार्डाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. ब्लाउज टाका की परकर, उत्तर एकच, "मंगळवारी मिळेल." कुठल्या, ते विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे लोक त्यांना मंगळवारमावशीच म्हणत.

बाराव्या वर्षापासून मावशी पोटात इन्सुलिन टोचून घेत. "दिवसभर कापडाला टोचते, चार वेळा मला. सुईला सुट्टी नाही," म्हणत. दोन वर्षांपूर्वी औषधाच्या सरकारी सवलतीचं पत्र कचेरीत अडकलं, पूर्ण किंमत परवडेना, म्हणून त्यांनी निम्मंच औषध घेतलं आणि चालत्या मशीनवरच कोसळल्या. सुई बोटातून आरपार. तेव्हाच त्यांनी ठरवलं, काटकसर अस्तरात करायची, इन्सुलिनमध्ये नाही.

यंदा सवलतीच्या अर्जात नवा रकाना निघाला: आजार बरा होण्याची अपेक्षित तारीख. मावशींनी तो कोरा सोडला. अर्ज परत. डॉक्टरांनी 'आजन्म' लिहिलं. पुन्हा परत.

"तारीख हवी मावशी, शब्द चालत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. हा त्यांचं गिऱ्हाईकच. त्याची पँट तीन महिन्यांपासून त्यांच्याकडे उंची कमी व्हायला पडली होती.

"तारीखच ना? ती तर माझ्या तोंडातच असते," म्हणून मावशींनी पुढच्या मंगळवारची तारीख ठोकली. शिक्का बसला. त्या तारखेपर्यंतचं, म्हणजे आठवड्याचं औषध सवलतीत मिळालं.

मंगळवारी मावशी खिडकीपाशी हजर.

"काय झालं?"

"काम तयार नाही भाऊ. थोडं बाकी आहे. पुढचा मंगळवार लिहा."

नवा अर्ज, नवा शिक्का, मागे रांग ताटकळलेली. असे चार मंगळवार गेले. पाचव्याला दम्याचा घड्याळजी आणि फिट येणाऱ्या मुलीची आई मावशींच्या मागे उभी. दोघांच्याही अर्जावर तारीख मंगळवारचीच.

कारकुनानं कपाळावर हात मारला. "अहो, एकदाच लांबची तारीख टाका ना. वीस वर्षांनंतरची."

"गिऱ्हाइकाला खोटी तारीख मी रोज देते, पण ती मनातून खरी असते," मावशी म्हणाल्या. "बरं होणार नाही हे मला माहीत, डॉक्टरला माहीत, तुम्हालाही माहीत. माहीत नाही ते फक्त तुमच्या कागदाला. त्याला कळेपर्यंत मी येणार. मला कुठे जायचंय? दुकान काय, उशिराच उघडतं."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमची कामं कधी व्हायची?"

"मंगळवारी," मावशी मागे न बघता म्हणाल्या.

कारकून तिन्ही अर्ज घेऊन वर साहेबांकडे गेला. पाऊण तासानं उतरला. तिन्ही रकान्यांवर आडवी रेघ, शेजारी 'तारीख लागू नाही' आणि साहेबांची सही.

मावशींनी चष्मा पुसून ती सही दोनदा वाचली, कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि पिशवीतून इस्त्री केलेली पँट काढून खिडकीतून आत सरकवली.

कारकून बघतच राहिला. "कधी झाली?"

"पहिल्याच मंगळवारी. पण तेव्हा दिली असती तर लाच झाली असती."