लाल पाटीची डिस्क

माझा नवरा पावणे गावातल्या एका कारखान्यात फिटर होता. दुरुस्तीला घेतलेल्या यंत्रावर लाल पाटी टांगायची आणि तिच्यावर आपलं नाव लिहायचं, ही तिथली रीत. ज्याचं नाव, त्याला विचारल्याशिवाय बटणाला कुणी हात लावायचा नाही. तो गेल्यावर कपाटात त्याची डिस्क सापडली. तिलाही दोऱ्याने तशीच पाटी बांधलेली होती. 'हात लावू नये. विचारा', आणि पुढे त्याचं नाव.

डिस्कमध्ये सासूबाईंचे धवले होते. लग्नात ही गाणी म्हणणाऱ्या, आमच्या गावातल्या शेवटच्या धवलारीण त्याच. नवऱ्याने एकेक धवला त्यांच्याकडून गाऊन घेऊन रेकॉर्ड केला होता. आता नणंदेच्या मुलीची हळद आठवड्यावर आली होती, आणि धवला नणंदेनेच म्हणायचा होता.

"वयनी, मना अर्धाच येतंय," ती म्हणाली. "आये होती तवर टीव्ही बघत बसले."

डिस्क लॅपटॉपला जोडली, तर ती वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का, असा प्रश्न आला.

"हो म्हन ना," नणंद म्हणाली. "इचारतंय तर."

हो म्हटलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. मी 'नको'वर दाबलं.

कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्सवर चालवायला नवरा स्वतःच शिकला होता, आणि डिस्कही त्याने त्यावरच भरली होती. त्याचा कॉम्प्युटर त्याच्याआधीच बंद पडला. माझा लॅपटॉप विंडोजचा. त्याला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही ते कामाचं नाही असं तो धरून चालतो. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. अनोळखी लिपीतलं पुस्तक आम्ही रद्दीत टाकत नसू. वाचणारा शोधत असू.

पाटी उलटून पाहिली. सुट्या भागांच्या डब्यावर माप लिहावं तसं मागे त्याने लिहून ठेवलं होतं: 'ईएक्सटी-फोर'. हे लिनक्सच्या मांडणीचं नाव, आणि ती विंडोजला वाचून दाखवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो, हे शोधून समजून घ्यायला मला दोन दुपारी लागल्या. तो बसवला. 'फक्त वाचण्यासाठी' ही खूण केली आहे ना, ते दोनदा पाहिलं. डिस्क उघडली.

मांडव, हळद, वरात असे वेगवेगळे फोल्डर होते. एका फाइलच्या नावातच लिहिलं होतं, 'आईचा घसा बसलेला, पुन्हा घेणे'. इतकी नेटकी नोंद मी ग्रंथालयातही क्वचित पाहिली.

हळदीचा धवला लावला. मध्येच त्याचा आवाज आला, "आये, थांब. पंखा बंद करतो."

"मंग घामान गाऊ काय?" सासूबाई म्हणाल्या.

नणंद हसली, रडली, आणि मग तिने वही मागितली.

हळदीच्या दिवशी तिने धवला शेवटपर्यंत म्हटला. कुणीतरी म्हणालं, "आयेवर गेली."

"आयेनं कुठं शिकवला," ती म्हणाली. "दादानं ठेवला, वयनीनं उघडला."

घरी येऊन मी डिस्कला पाटी पुन्हा बांधली. त्याचं नाव तसंच ठेवलं. खाली माझं लिहिलं.