पुडा सोडून पाहणारा

मंगळवारी दुपारी माझा मावसभाऊ वारला. शुक्रवारी मी त्याचा कॉम्प्युटर उघडला. बावीस जण त्याच्या उत्तराची वाट पाहत होते.

भांडणाला पाहुण्यासारखा पाट मांडून देणारा असा माणूस अख्ख्या सालेकसा तालुक्यात दुसरा झाला नसेल. लोक भांडण मिटवतात किंवा त्यापासून पळतात, हा भांडणाला बसवून घ्यायचा, पाणी विचारायचा आणि सावकाश म्हणायचा, "हं, आता सांग." वर्षभर तो बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, मुनशी म्हणून बसे. बायका जंगलातून पानांचे पुडे बांधून फळीवर आणत. पुड्यात खराब पानं दिसली की बाकीचे मुनशी पुडा फेकून देत. हा मात्र बांधलेली दोरी सोडायचा, किडकी पानं वेचून समोर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे पाहा मामी, चार पानं किडकी. बाकी सोनं आहे. पुन्हा बांधून आणा." मागे रांग खोळंबायची. "मुनशीजी, पानं पाहून राहिले का पोरीसाठी नवरा?" असं कोणीतरी ओरडायचं. तो चष्मा वर करून सांगायचा, "नवऱ्याले एवढा वेळ नाही लागत, मावशी."

याच माणसाने दुकानात बसून दोन-तीन वर्षं खपून एक खेळ तयार केला आणि इंटरनेटवर फुकट ठेवला. खेळ असा, की नागझिऱ्यासारख्या जंगलात पायी फिरायचं, ठसे पाहायचे, वानरांची हाक ऐकायची आणि वाघ शोधायचा. वाघ मात्र दहा-दहा दिवस दिसायचा नाही. खेळणाऱ्यांना बोलायला त्याने तिथेच एक जागा करून दिली आणि तिला नाव दिलं 'आखर'. रानात जायच्या आधी गावची गुरं जमतात, ते आमच्याकडचं आखर. "तिथं शिंगं लागणारच," तो म्हणे, "म्हणून काय गुरं घरी बांधून ठेवाची?"

शिंगं भरपूर लागली. पण एक वेळ सोडली तर त्याने कुणाचं लिहिलेलं गुपचूप पुसलं नाही. तो ते लिहिणाऱ्यालाच परत पाठवी आणि खाली लिही, 'दोन ओळी किडक्या आहेत, खूण केली आहे. बाकी चांगलं. बांधून आणा.' नागपूरच्या एका गृहस्थांनी वाघ दिसत नाही म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. ते पत्र चार वेळा परत गेलं. पाचव्यांदा आलं तेव्हा त्यात एवढंच उरलं होतं : 'वाघ दिसत नाही. वाईट वाटतं.' त्याखाली याने लिहिलं, 'मलाही.' तेच गृहस्थ पुढे नव्या लोकांना ठसे ओळखायला शिकवू लागले.

पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका तरुणाने एकदा फोन करून विचारलं, "सर, लोकांना आवरायची तुमची पॉलिसी काय?" हा म्हणाला, "आधी जेवून घ्या." समोरच्याला वाटलं, फोन ठेवायला सांगतायत. पण त्याचा खरोखरच तेवढा एक नियम होता, उपाशीपोटी कुणाला काढू नये. तो एकदाच मोडला, आणि त्याचीच टोचणी त्याला शेवटपर्यंत राहिली.

'मोहफूल' या नावाने कोणीतरी अगदी पहिल्या दिवसापासून खेळत होतं. बाई की पुरुष, आम्हाला कधी कळलं नाही. एका मे महिन्यात मोहफूलने लिहिलं, 'तुमच्या जंगलात वाघ आहे, मोर आहे, पाणवठा आहे. पानं तोडणारं एक माणूस नाही.' हा नुकताच फळीवरून आला होता, डबा तसाच होता. त्याने ते पुसलं आणि मोहफूलला आखरावरून काढून टाकलं. मग जेवायला बसला. दुसऱ्या घासाला हात थांबला. उष्ट्या हाताने त्याने ते नाव परत आत घेतलं, पण मोहफूल पुन्हा आलं नाही.

त्याने खेळात बायका आणल्या, डोक्यावर पुडे घेतलेल्या. वाघ कुठून गेला हे त्याच सांगत. मोहफूलला पत्रं पाठवली, उत्तर नाही. मी शाळेत शिकवतो; एकदा त्याला म्हणालो, "अरे, एवढे लोक आहेत. एक गेलं तर काय?"

"गुरुजी, पुस्तकं वाचून हेच समजलं काय तुले?" तो म्हणाला. "ते खरं बोलून राहिलं होतं. अन् मी पुडा न सोडताच फेकला." मग आखराच्या सगळ्यात वर त्याने चार वाक्यं लिहिली : 'मोहफूल, तुझं बरोबर होतं. चूक माझी. जंगलात आता बायका आहेत. पाहायला ये.' दर मे महिन्यात तो ती वाचून पाही, शब्द बदलत नसे.

शुक्रवारी मी आखरावर त्याच्या जाण्याची बातमी लिहिली. नागपूरच्या गृहस्थांनी लिहिलं, 'आता किडकं पान कोण काढणार?' दुसऱ्या कुणी लिहिलं, 'चला, सुटलो, आता तरी वाघ दिसेल असं करा.' माझं बोट ते पुसायच्या बटणावर गेलं. तेवढ्यात आठवलं की मी सकाळपासून जेवलो नव्हतो. मी घरी गेलो, जेवलो, परत आलो. 'सुटलो' या एका शब्दावर खूण केली आणि खाली लिहिलं, 'बांधून आणा.'

आखर आता मी सांभाळतो. ती चार वाक्यं सगळ्यात वर आहेत. मोहफूलचं नाव खेळणाऱ्यांच्या यादीत आहे, आणि त्यापुढची उत्तराची जागा रिकामी आहे.