टुंई डॉक्टरांचं तिसरं पायडल

आमच्या परतूरच्या टुंई डॉक्टरांना पेशंटच्या खोकल्यात सूर ऐकू यायचा. समोरचा माणूस छाती धरून खोकत असायचा आणि डॉक्टर डोळे मिटून म्हणायचे, "पुन्हा एकदा खोका. हां! पंचमावरून सुटलात आणि गंधारावर येऊन बसलात. कफ मोकळा होऊन राह्यला तुमचा." पेशंटला पंचमाशी देणंघेणं नसे, पण कफ मोकळा होतोय एवढं ऐकूनच तो निम्मा बरा व्हायचा. उरलेलं निम्मं काम होमिओपॅथीच्या गोड गोळ्या करायच्या.

दवाखाना स्टेशन रस्त्यावर होता. टेबलावर बाटल्या आणि डॉक्टरांच्या मांडीवर आडवी हवाइयन गिटार. ही गिटार छातीशी धरून वाजवत नाहीत. मांडीवर पालथी मांजर घेतल्यासारखी घ्यायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत न्यायची, म्हणजे एक सूर दुसऱ्या सुरात घसरत जातो. तो आवाज म्हणजे टुंई. टांगेवाल्याला डॉक्टरांचं खरं आडनाव सांगितलं तर तो डोकं खाजवायचा. "टुंई डॉक्टर" म्हटलं की "बसा" म्हणायचा.

मी कन्याशाळेत शिक्षिका होऊन परतूरला आले ती ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला. नव्या गावाचं पाणी बाधलं आणि घसा धरून त्यांच्याकडे गेले. माझं दोन वाक्यांचं गाऱ्हाणं ऐकून ते म्हणाले, "बाई, तुम्ही गाता."

"गात नाही हो. सर्दी झालीय."

"सर्दीतबी सुरात बोलून राह्यल्या तुम्ही."

अशा रीतीने मी त्यांच्या पाच जणांच्या ऑर्केस्ट्रात गायिका झाले. माझे मिस्टर बँकेत होते. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी एकच अट घातली, "मलाही काहीतरी वाजवायला द्या." डॉक्टरांनी त्यांच्या हाती खुळखुळा दिला आणि पुढे आयुष्यभर त्याचा पस्तावा केला.

आमच्या कार्यक्रमांत अडचण एकच होती, पण मोठी होती. गिटारच्या तारा एका जुळणीत लावल्या की त्यात एका जातीची गाणी वाजत. दुसऱ्या जातीचं गाणं आलं की खुंट्या पिळून सगळ्या तारा नव्याने लावायच्या. जुन्या काळचे वादक तीनचार गिटारी घेऊन बसत म्हणे. आमच्याकडे एकच. डॉक्टर कान गिटारला लावून खुंटी पिळायला लागले की पब्लिक शिट्ट्या मारायचं. एकदा मंठ्याच्या गणपतीत मागून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, नाडी लागून राह्यली का न्हाई?" डॉक्टरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "लागली, पण मंद आहे."

पण डॉक्टरांचा खरा ध्यास वेगळाच होता. कॉलेजात असताना ते जालन्याला एका मास्तरसाहेबांकडे ही गिटार शिकलेले. मास्तरसाहेब त्या काळी हैदराबादपर्यंत बोलावणी असलेले वादक. त्यांची एक गंमत होती. मैफलीतलं शेवटचं गाणं वाजवायच्या आधी ते श्रोत्यांकडे पाठ करून बसत, तारांशी काहीतरी करत आणि वळून वाजवायला लागत. त्या गाण्यात एक लांब सूर यायचा आणि तो धरलेला असतानाच हळूच खाली उतरायचा. "हुंदका गिळल्यावानी," डॉक्टर सांगायचे. ते ट्यूनिंग मास्तरसाहेबांनी कुणालाच दाखवलं नाही. डॉक्टरांपाशी फक्त एक कॅसेट होती. तिच्यात ते गाणं होतं आणि ऐन हुंदक्याच्या जागी कुणाचं तरी मूल "मला शू" म्हणत होतं. डॉक्टरांनी ती इतक्यांदा ऐकली, की पुढे ते स्वतः वाजवतानाही त्या जागी क्षणभर थांबायचे. मूल बोलून होईपर्यंत.

मग गावातल्या एकाचा भाऊ आखातातून एक मासिक घेऊन आला. त्यात एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. तो शिलाई मशिनीवर बसावं तसा गिटारवर बसला होता. गिटारला चार पाय, खाली पायडलं, आणि पायडल दाबलं की तार आपोआप चढणार किंवा उतरणार. म्हणजे खुंटी पिळायची गरजच नाही. सगळी जुनी ट्यूनिंग एकाच गिटारीत! डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलं, मग घरात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, शिलाई मशिनीकडे पाहिलं.

"तिच्याकडं बघू पण नका," वहिनी म्हणाल्या.

वहिनी गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवत. बोलणी आठवडाभर चालली. शेवटी असं ठरलं, की मशिनीचा एकही स्क्रू निघणार नाही, गिटारच तिच्यावर बसवायची, आणि सणावाराच्या आधी तिला हात लावायचा नाही. खालचं पायडल मशिनीचं, शेजारी दोन सायकलची, आणि तारांना जोडायला मोटारसायकलच्या क्लचच्या वायरी. नव्या जालन्यातला एक वेल्डर लोखंडी सांगाडा जोडून देताना सारखा विचारायचा, "डॉक्टरसाब, ये फायर तो नहीं होता ना?" तो सांगाडा एसटीत घातला तेव्हा कंडक्टरने त्याच्याभोवती फेरी मारली, विचार केला आणि म्हणाला, "पेरणीयंत्र म्हणून लिवतो. मंग कुणी इचारत न्हाई."

पहिलं पायडल उदास गाण्यांचं, दुसरं नाचाच्या गाण्यांचं आणि तिसरं मास्तरसाहेबांचं. वाजवताना डॉक्टर सायकल चालवता चालवता ब्लाउज शिवत असल्यासारखे दिसायचे. आणि वहिनी खरोखर ब्लाउज शिवायला बसल्या की सोडायची राहिलेली एखादी वायर ओढली जाऊन प्रत्येक टाक्याला टुंई व्हायचं. शेजारणी म्हणत, "वहिनी, माझ्या ब्लाउजाला चाल चांगली लावा हां."

यंत्राचा पहिला जाहीर प्रयोग घनसावंगीच्या एका लग्नात झाला. पाठवणीची वेळ. नवरी जीपमध्ये बसलेली, बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या. मी गायला लागले आणि डॉक्टरांनी पहिलं पायडल दाबलं. ते दाबलं गेलं ते वर येईना. वायर अडकली होती. डॉक्टर जसजसं पायडल झटकत, तसतशा तारा आणखी उतरत. सूर खाली, त्याच्यामागे मी खाली, आणखी खाली, असं करत शेवटी मी माझ्या सासऱ्यांच्या आवाजात गात होते. मिस्टर खुळखुळा वाजवायचे थांबले, ही त्या दिवसातली एकच चांगली गोष्ट. तेवढ्यात जीपमधून खुसखुस ऐकू आली. नवरी ओंजळीत तोंड घालून हसत होती. करवली हसली, मग नवरदेव, मग वऱ्हाड.

मला वाटलं आता मार खायचा. मुलीचे वडील तरातरा आले आणि त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "डॉक्टर, रातभर रडून राह्यली होती पोरगी. काय खाईना, पिईना. हसत गेली बघा!"

डॉक्टर मात्र नाराज. "हसण्याचं पायडल दुसरं होतं," असं परतीच्या वाटेवर पुटपुटत राहिले.

वर्षं गेली. तिसरं पायडल काही जमेना. स्प्रिंगा बदलल्या, वायरी बदलल्या, तार कधी जास्त उतरे, कधी कमी. अशात मास्तरसाहेबांना अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं. उजवी बाजू गेली होती. डॉक्टर हादरले, पण भेटायला जाईनात. "रिकाम्या हातानं कसा जाऊ? एवढं ट्यूनिंग जमू द्या. पाव सुराचा फरक राह्यला."

एका रविवारी सकाळी वहिनींनी दारात जीप उभी केली आणि मशिनीसकट सगळं यंत्र चौघा गड्यांकडून तिच्यात चढवलं. "तुमच्या पाव सुरासाठी मास्तरसाहेब थांबून बसणारेत का? बसा गाडीत." मलाही बोलावलं, म्हणजे डॉक्टर घाबरले तर गायला कुणी असावं.

मास्तरसाहेब जुन्या जालन्यातल्या घरात खाटेवर तक्क्याला टेकून बसले होते. अंगाने वाळलेले, पण डोळे मिश्कील. सुनेने चहा आणला, यंत्र पाहून दारातच थबकली आणि म्हणाली, "अब्बा, कोई दर्जी आया है."

डॉक्टर वाजवायला बसले. ते शेवटचं गाणं सुरू झालं, लांब सूर आला, डॉक्टरांनी डोळे मिटून तिसरं पायडल दाबलं आणि सूर उतरला. अगदी कॅसेटमधल्यासारखा, हुंदका गिळत. एवढ्या वर्षांत तसा कधी उतरला नव्हता. वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

गाणं संपलं. मास्तरसाहेब म्हणाले, "अच्छा बजाया. पर वो बीच में नीचे क्यों आया?"

"ते तुमचं ट्यूनिंग आहे, मास्तरसाहेब. पाठ करून लावायचे ते."

मास्तरसाहेबांनी डावा हात कपाळाला लावला. मग हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, सुनेने पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा हसले. "अरे बाबा, खुंटी ढिली थी! शेवटच्या गाण्यापर्यंत घट्ट धरायचीच नाही. लोकांसमोर पक्कड काढली तर काय इज्जत राहते? म्हणून पाठ करून पिळायचो. तरी लंबा सूर धरला की उतरायचीच. शर्म से पसीना छूटता था मेरा."

डॉक्टरांनी कांडी मांडीवर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे मी इतकी वर्षं ढिल्या खुंटीचा रियाज करून राह्यलो?"

"तू बडी मेहनत से बिगाड़ा रे," मास्तरसाहेब म्हणाले. "मैं तो मुफ़्त में बिगाड़ता था."

आधी वहिनींना हसू फुटलं, मग मला. डॉक्टर आमच्याकडे रागाने बघत होते आणि बघता बघता त्यांचाच चेहरा सैल झाला.

मग मास्तरसाहेबांनी डावा पाय खाटेवरून खाली सोडला. "वो पायडल इधर कर." आम्ही यंत्र खाटेला भिडवलं. डॉक्टरांनी पुन्हा तेच गाणं सुरू केलं. लांब सूर आला आणि मास्तरसाहेबांच्या अनवाणी पायाने तिसरं पायडल दाबलं, नेमकं, सावकाश. सूर उतरला. त्यांनी मान हलवली. "फिर से," म्हणाले. मग पुन्हा, आणि पुन्हा. भर मैफलीत ज्या सुराने त्यांना घाम फुटायचा, तो आता ते स्वतःहून, हौसेने उतरवत होते. डॉक्टर वाजवत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून वहिनींनी पदराने पुसलं.

परतताना वाटूरपर्यंत डॉक्टर पायडलांच्या वायरी गुंडाळत बसले होते. मग म्हणाले, "तेव्हाच त्यांना एक चांगली पक्कड आणून दिली असती, तर माझी इतकी वर्षं वाचली असती."

"आणि माझी मशीन," वहिनी म्हणाल्या.

पुढच्याच हिवाळ्यात मास्तरसाहेब गेले. पुढे ऑर्केस्ट्रेही गेले. गावात एका पोराने सिंथेसायझर आणला, त्यात हवाइयन गिटारचं बटण होतं. तो दाखवायला दवाखान्यात आला. डॉक्टरांनी मन लावून ऐकलं, कौतुक केलं, आणि तो गेल्यावर मला म्हणाले, "चांगलं आहे हो. पण बिघडतच न्हाई. कंटाळा येईल बिचाऱ्याला."

नंतर माझी जालन्याला बदली झाली. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी डॉक्टर गेल्याचं कळलं, तेही उशिरा, बाजारात भाजी घेताना परतूरच्या एका बाईकडून. मी पिशवी तिथेच भाजीवाल्याकडे विसरून घरी आले.

निवृत्त होईपर्यंत शाळेत रोजची प्रार्थना मीच सांगायचे. शेवटच्या ओळीतला लांब सूर माझ्या गळ्यातून आपोआप जरा खाली उतरायचा. पेटीवाले सर दचकून माझ्याकडे बघायचे. "बाई, उतरलात," असं रोज सांगायचे. माझ्यामागून आख्खी शाळा उतरायची आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही.